गंगापूरचा धबधबा

नाशिक शहराची पश्चिमेकडील वस्ती गेल्या काही दशकांत ज्या वेगाने गंगापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरत गेली, त्या वेगापुढे आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर, गोवर्धन ही एके काळी आपापले शिवार, आपापला पाणवठा आणि आपापले ग्रामदैवत राखून असलेली ठिकाणे आपली वेगळी ओळख फारशी टिकवू शकली नाहीत. आणि आज शहरातून निघालेल्या माणसास कोणते गाव कोठे संपले व पुढचे कोठे सुरू झाले, हे पाटी वाचल्यावाचून उमगत नाही. परंतु सोमेश्वराच्या महादेवाचे दर्शन घेऊन, होड्यांची आणि चहाच्या टपऱ्यांची गर्दी मागे टाकून, जो नदीच्या अंगाने वरच्या दिशेस चालू लागतो, त्याला ही गावे पुन्हा एकेक करून भेटू लागतात. या वाटेच्या टोकाशी गोदावरी एका खडकाच्या पायरीवरून खाली उडी घेते. त्या जागेला कोणी सोमेश्वरचा धबधबा म्हणतात, कोणी गंगापूरचा, आणि अलीकडे हौशी मंडळींनी त्याला ‘दूधसागर’ असेही नाव दिले आहे. गोव्याच्या सरहद्दीवरील त्या प्रचंड जलप्रपाताचे नाव या लहानग्यास देण्याचे काही कारण नव्हते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हा धबधबा लहानच आहे, आणि घरातील लेकुराबाळांनी व वृद्धांनी मिळून पायी जाऊन पाहावा असा आहे.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही घरची मंडळी या वाटेने गेलो. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई, थोरली बहीण आणि तिची दोन मुले होती. लहान मुलांच्या चालीने आणि आईच्या गुडघ्यांच्या सवडीने चालले तरी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा अधिक वेळ लागू नये असे हे अंतर, पण आम्हांस बराच अधिक वेळ लागला, कारण वाट काठावरच्या करंजांच्या सावलीतून बाहेर पडून एका द्राक्षबागेच्या कडेने जाऊ लागली, तेव्हा भाच्याने बागेत शिरून पाने वरखाली करून पाहिली आणि मोठ्या निराशेने विचारले, “मामा, द्राक्षं कुठायत?” फवाऱ्याची नळी गुंडाळीत असलेल्या बागायतदाराने त्याला जवळ बोलावून वेलाची एक काडी हाती दिली आणि समजावून सांगितले, की एप्रिलातली खरड छाटणी झाल्यावर फुटलेल्या या काड्या पावसाळ्यात पिकत राहतात, ऑक्टोबरात गोडी छाटणी केली म्हणजे याच काडीच्या डोळ्यातून घड बाहेर येतो, आणि आता जो घड दिसत नाही तो या डोळ्याच्या आत तयार झालेलाच आहे. मुलाने तो डोळा नखाने टोकरून पाहिला. आत हिरव्या लोकरीसारखे काहीतरी होते. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले की नाही कोण जाणे, पण पुढे सबंध वाटभर ती काडी त्याने हातातून सोडली नाही.

आईचे लक्ष निराळ्याच वस्तूंकडे होते. बांधावर टाकळा माजला होता, ओलसर जागी तेरडा फुलला होता, आणि या सगळ्यांत उभे राहिलेले आघाड्याचे तुरे तिने लांबूनच ओळखले; येत्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ हवी, आणि ती बाजारात विकत घेण्यापेक्षा बांधावरचीच बरी, असे म्हणून तिने नातीला आघाडा खुडायला लावले व त्याची कुसे कपड्यांना कशी चिकटतात हेही आपसूक अनुभवास आणून दिले. वनस्पतिशास्त्राचा पाठ म्हणून जे पुस्तकात वाचले असता आठवडाभरही ध्यानात राहिले नसते, ते परकराच्या काठावर चिकटून घरापर्यंत आले.

धबधब्याची चाहूल दिसण्याआधी कानास लागते. सह्याद्रीच्या धारेवर, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून गोदावरी पूर्वेकडे वळते ती पावसाच्या राज्यातून अवर्षणाच्या राज्यात, आणि हे संक्रमण इतक्या थोड्या अंतरात घडते की त्याचे नवल वाटावे: घाटमाथ्यावरील इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर नाशिक शहराच्या वाट्याला सातशेच्या आसपास येतो. म्हणून शहरात लख्ख ऊन पडलेले असतानाही नदीस पूर असू शकतो. आम्ही गेलो त्या दिवशी पाणी मध्यम होते. काळ्या खडकाच्या रुंद उंबरठ्यावरून ते एकसंध न पडता चार-पाच ठिकाणी फुटून, मधले सुळके कोरडे ठेवून पडत होते. उंची म्हणावी तर फार नाही, परंतु रुंदीमुळे आणि खालच्या डोहाच्या घुमणाऱ्या आवाजामुळे त्याला एक भारदस्तपणा आला आहे.

हा उंबरठा कसा घडला हे सांगण्यासाठी फार मागे जावे लागते. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून पुनःपुन्हा बाहेर आलेल्या लाव्ह्याच्या थरांनी रचले गेले. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवून घट्ट झाला, आणि वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र राहिला. पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजे स्फटिकरूपाने साठली. नाशिक-सिन्नरच्या परिसरातील विहिरी आणि खाणी खणताना निघणारे असले स्फटिक जगभर मान्यता पावले असून सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते आजही कोणासही पाहता येतात. घट्ट थराखाली असा पोकळ, ठिसूळ थर आला म्हणजे नदी खालचा थर आधी पोखरते, वरचा घट्ट खडक आधार गेल्यामुळे ढासळतो, आणि धबधबा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशेबाने इंचाइंचाने मागे, उगमाकडे सरकत राहतो.

भाचीने धबधब्यापासून पुष्कळ अलीकडे, कोरड्या खडकावरील एका वाटोळ्या खळग्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून तीन गोटे काढले. तिन्ही गुळगुळीत, आणि त्यांतील एकात पांढऱ्या खनिजाचा ठिपका. पुराच्या पाण्याने भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरवून खडकाला असे भोक पाडावे, आणि पाडणारा गोटाही त्याच भोकात झिजत बसावा, हा प्रकार निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळग्यांच्या रूपाने फार मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळतो. परंतु तेथे तो कठड्याशी उभे राहून वाकून पाहावा लागतो आणि येथे एका मुलीच्या मुठीत मावला. तिने गोटे परत जागच्या जागी ठेवले. मी सांगितले म्हणून नव्हे. “त्यांचं काम राहिलंय ना,” असे तीच म्हणाली.

धबधब्याच्या वरच्या अंगास गोवर्धन आहे. आज या गावाच्या नावाने कोणाच्या मनात विशेष काही येत नाही, परंतु नाशिकच्या दक्षिणेस असलेल्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत नाशिकच्या बरोबरीने ज्या स्थळाचा वारंवार उल्लेख येतो ते गोवर्धन होय, आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध याच गावाशी जोडला आहे. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने भिक्षूंच्या निर्वाहासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, व्याजावर भिक्षूंची चीवरे आणि किरकोळ खर्च चालावयाचा. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य मोडल्यावर जो हुकूम काढला, तो गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्यास उद्देशून आहे, आणि त्यात उषवदाताच्या ताब्यातील दोनशे निवर्तने जमीन भिक्षूंस दिल्याचा मजकूर आहे. सत्ता बदलली की पहिले काम जमिनीचे दप्तर पुन्हा लिहिण्याचे, हा राज्यकारभाराचा शिरस्ता एवढा जुना आहे. अक्षयनीवीचे व्यवहार ज्या श्रेणींनी सांभाळले, त्यांच्या मागांचा खटखटाट आणि या पाण्याचा आवाज एकाच शिवारात ऐकू येत असला पाहिजे, असे या काठावर उभे राहिले असता मनात आल्यावाचून राहत नाही.

त्यानंतरचा मोठा काळ सोडून पेशवाईत यावे, तर येथे दोन स्त्रियांची स्मृती आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई पुत्राशी बेबनाव झाल्यावर पुणे सोडून गंगापुरास येऊन राहिल्या. पानिपतावर ज्येष्ठ पुत्र गेलेला, त्या दुःखात पतीही गेलेला, पुढे माधवराव आणि नारायणराव हेही त्यांच्या हयातीतच गेले; आणि नातू सवाई माधवराव गादीवर असताना, १७८८ साली, नाशिकलाच त्यांचा अंत झाला. या नातवाला दिनचर्येविषयी आणि वर्तनाविषयी त्यांनी लिहिलेले उपदेशपर पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. याच काठाने थोडे खाली, शहराच्या बाजूस, नानासाहेबांचे बंधू राघोबादादा यांनी चावंडस गावाचे नाव पालटून आपल्या पत्नीच्या नावावरून आनंदवल्ली केले. एका जावेच्या पुत्राच्या, नारायणरावाच्या, वधाचा ठपका इतिहासाने दुसरीवर ठेवला, आणि दोघींच्या नावांशी जोडलेली गावे एकाच नदीच्या एकाच काठाला एकमेकींपासून सहज चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मराठी रंगभूमीने या घराण्याच्या शोकांतिकेवर इतके लिहिले, परंतु या काठाकडे पुरेसे पाहिले नाही, अशी माझी तक्रार आहे.

आज या धबधब्याचा खरा धनी पाऊस राहिलेला नाही. वरच्या अंगास, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत बांधलेले गंगापूरचे मातीचे धरण आहे. सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट पाणी साठविण्याची त्याची क्षमता असून नाशिक शहराची तहान मुख्यत्वे तेच भागविते. या धरणातून किती पाणी सोडावयाचे हे पाटबंधारे खात्याच्या हुकुमाने ठरते, आणि त्या हुकुमाप्रमाणे धबधबा वाढतो, घटतो किंवा नुसता पाझरत राहतो. हुकुमाचे माप क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. तेव्हा ‘पाच हजार क्युसेकने विसर्ग’ अशी वर्तमानपत्रात ओळ येते, तिचा अर्थ दर सेकंदास सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर पाणी या खडकावरून जाणार, असा होतो. खुद्द नाशकात मात्र लोक क्युसेकच्या हिशेबाने बोलत नाहीत. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे त्यांचे माप. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याला आले, या तीन वाक्यांत साऱ्या गावाला पुराची इतल्ला मिळते. १९६९ आणि २००८ च्या सप्टेंबरातील पूर पाहिलेली माणसे अजूनही त्याच मारुतीच्या अंगाने त्यांची तुलना करतात.

धबधब्याशी मक्याची कणसे भाजीत बसलेल्या एका आजींना मी विचारले, की वरून पाणी सोडल्याचे तुम्हांला येथे कसे कळते. निखाऱ्यावरचे कणीस उलटत त्यांनी डाव्या हाताच्या प्रवाहातून वर आलेला एक खडक दाखविला. “त्यो धोंडा दिसतोय ना, त्याच्यावर बगळा बसतो. धोंडा बुडाला का मी टोपली उचलते. मंग कोनी किती बी म्हनू द्या, आजी एक कनीस द्या, मी न्हाई थांबत.” मोबाईलवर निरोप येतात, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस येतो, हे सारे त्यांना ठाऊक होते, पण धोंडा आधी सांगतो, असा त्यांचा अनुभव. पाण्याचा रंग पालटून मातकट होणे, काड्याकचरा व फेस वाहून येऊ लागणे, आवाज जड होणे, या खुणाही त्यांनी आपणहून मुलांस सांगितल्या. नंतर मुले कणसे खात बसली खरी, पण दोघांचीही पाठ धबधब्याकडे झाली नाही. त्या धोंड्यावर त्यांची नजर होती.

हे मी इतक्या विस्ताराने लिहितो, कारण या प्रकारच्या सहली अलीकडे फार महागात पडू लागल्या आहेत. त्र्यंबक-जव्हार रस्त्यावर सापगावजवळचा दुगारवाडीचा धबधबा याहून कितीतरी उंच आणि देखणा. रानातून उतरत, ओढा ओलांडीत तेथे जावे लागते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वर डोंगरात झालेल्या पावसाने ओढ्यास अकस्मात पाणी येऊन पर्यटकांचा एक मोठा समूह पलीकडे अडकला. अंधारात दोर लावून त्यांना काढावे लागले, आणि एक जण हाती लागला नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे, त्यांत लहान मुले, एकमेकांस धरून उभी असताना पाण्याने नेली. तो ओढाही लहानच होता. ती घटका ज्यांनी चित्रफितीत पाहिली, त्यांच्या मनातून ती जाणार नाही. अशा घटनेनंतर सरकार मनाई हुकूम काढते, बंदोबस्त लावते, फाटकाला कुलूप घालते. तात्पुरता उपाय म्हणून ते योग्यच आहे, आणि हुकूम असेल तेथे तो पाळलाच पाहिजे. परंतु जो माणूस गाडीतून उतरून थेट पाण्याच्या कडेशी जातो, त्याने वाटेत आटलेला नाला पाहिलेला नसतो, वरचे आभाळ पाहिलेले नसते, काठावरच्या माणसाशी तो एक शब्द बोललेला नसतो. अनोळखी पाण्याशी त्याची पहिली गाठ त्या पाण्याच्या मध्यावरच पडते. ओढ्याच्या काठाने चालत येणाऱ्याला निदान त्याचा स्वभाव समजून घ्यायला अवसर मिळतो, आणि मुलांना तर तो मिळालाच पाहिजे. मोटार अगदी धबधब्याच्या तोंडाशी नेणारे रस्ते आणि फरसबंद चबुतरे ही सोय आहे असे मानणाऱ्यांशी म्हणूनच माझा मतभेद आहे. वृद्धांसाठी व अपंगांसाठी एखादी वाट सुकर करावी, ती अवश्य करावी. परंतु सर्वांसाठी चालणेच काढून टाकणे यात कोणाचेही हित नाही.

आणि चालण्याची ही वाटच आता धोक्यात आहे. नदीकाठच्या शेतांचे भूखंड पडू लागले, भूखंडास भिंती आल्या, आणि ज्या पाणंदीने बैल पाण्यावर जात, बाया धुणे घेऊन जात, तिच्यावर कोठे तारेचे कुंपण तर कोठे दगडमातीचा ढीग येऊन पडला. अशा वाटांना कायद्याचा आधार नाही असे नाही. बांधावरून जाण्याच्या हक्काची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमात आहे, वहिवाटीची वाट अडविली तर अडथळा दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने मामलेदारास दिलेला आहे, आणि जुन्या गावनकाशांवर गाडीवाटा व पायवाटा तुटक रेघांनी आखलेल्या आढळतात. पण या तरतुदी शेतकऱ्याच्या शेतापर्यंत जाण्यासाठी आहेत. नदी पाहावयास जाणाऱ्या कुटुंबाची वहिवाट कोणत्या दप्तरात लिहिली जाणार? शहर येथवर येण्यापूर्वीच मोजणी खात्याने आणि नगररचनाकारांनी सोमेश्वर ते गोवर्धन ही काठाची वाट नकाशावर कायम करावी, ती फक्त पायी चालणाऱ्यांची ठेवावी, आणि बागायतदारांच्या नुकसानीची रास्त भरपाई व्हावी, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. ज्या बागेच्या कडेने आम्ही गेलो, तिच्या मालकाने तारेत बैल जाईल एवढी फट राखून तिला बांबूचा आडणा लावला आहे. माणसे आडणा काढतात आणि परत लावीत नाहीत, मग जनावरे बागेत शिरतात, ही त्याची तक्रार. “तरी बंद न्हाई करनार,” तो म्हणाला, “माझी आजी ह्याच वाटंनं पान्याला जायची.”

आता पावसाळा सरल्यानंतरचे सांगतो. पैठणच्या जायकवाडीत १५ ऑक्टोबरपर्यंत पुरेसा साठा झालेला नसला, तर समन्यायी वाटपाच्या धोरणानुसार वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावे लागते. २०१५ साली गंगापूर धरणातूनही ते सोडले गेले होते, आणि तेव्हा ऐन कोरड्या दिवसांत हा धबधबा वाहिला. तसे पाणी सुटले, तर वर्तमानपत्रात विसर्गाची वेळ पाहून, पात्रात न उतरता, काठावरूनच पाहावे. न सुटले तरी दिवाळीच्या सुटीत पाणी निवळलेले आणि खडक उघडे असतात, खळगे व त्यांतील गोटे मुलांस दाखविता येतात. गाडी सोमेश्वरापाशीच ठेवावी. सकाळी लवकर निघावे, पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे, बागेत गोडी छाटणी झालेली असेल तर नव्या फुटीस हात लावू नये, आणि आडण्याचा बांबू काढला तर तो परत दोन्ही खाचांत नीट बसवून मगच पुढे जावे.